सगळं विसरलेला उंदीर

१

शुक्रवारी सकाळी प्रोफेसर मार्गिट स्टेनरूड तळघरातल्या प्रयोगशाळेत उतरल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात निवलेली कॉफी होती आणि दुसरा हात कठड्यावर. जिना चढताना त्यांचे गुडघे गप्प असत, उतरताना मात्र कुरकुरत. बाहेर आयोवातला एप्रिल होता, म्हणजे बर्फ वितळून नुसता चिखल उरलेला. व्हिटकम कॉलेजात त्यांची उभी हयात गेली होती. या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. तोवर काही होऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

पण झालंच. पिकलचा पिंजरा रिकामा होता.

पिकल म्हणजे एक पांढरा उंदीर. साधासुधा नव्हे, या वर्षीचा सगळ्यात हुशार. लॉटी हॅस्केल या विद्यार्थिनीनं त्याला शिकवलं होतं. दिवा लागला की आधी दोरी ओढून घंटा वाजवायची, मग दांडी दाबायची, मग खाऊ मिळायचा. दिवा नसला तर पठ्ठ्या नुसता बसून मिशा साफ करायचा. रविवारी दुपारी मानसशास्त्राच्या सन्मान मंडळात नव्या सभासदांचा प्रवेशसमारंभ होता. वर्गातले वरचे विद्यार्थीच त्या मंडळात घेतले जात. मेणबत्ती पेटवायची, शपथ घ्यायची, छातीला सोनेरी पिन लावून घ्यायची. त्यानंतर सगळ्यांच्या आईबापांसमोर पिकल आपली करामत दाखवणार होता. आज दुपारी प्रोफेसर स्वतः त्याची तालीम बघणार होत्या. कालच त्यांनी लॉटीला आणि मंडळाच्या अध्यक्षाला तसं सांगितलं होतं.

त्यांनी वाकून पाहिलं. पिंजऱ्याची कडी नीट लावलेली होती. दाराला अडकवलेली पाण्याची बाटली भरलेली. बाकीच्या पिंजऱ्यांवर जुन्या काचेच्या बाटल्या होत्या, ही तेवढी नवी, प्लास्टिकची. उंदीर इकडून तिकडे न्यायची छोटी पेटी जागेवर नव्हती. आणि खुंटीला टांगलेले चामड्याचे जाड हातमोजे शेल्फवर पडले होते, एकावर एक.

"अरे देवा!" मागून आवाज आला. मंडळाचा अध्यक्ष प्रेस्टन वेदरबी दारात उभा होता. उंच, गुळगुळीत दाढी केलेला, कॉलेजातल्या प्रत्येक समारंभात पुढच्या रांगेत दिसणारा मुलगा. "नेला ना शेवटी? मी सांगतच होतो, प्रोफेसर."

"कोणी नेला?"

"आणखी कोणी? ऑगीनं. 'उंदरांना सोडा' म्हणून महिनाभर पाटी घेऊन दारात उभा होता ना तो!"

प्रोफेसरांनी काही उत्तर द्यायच्या आतच खिशातला फोन वाजला. डीन हॉलरन होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. इथे बातम्या जिन्यानं येत नाहीत, भिंतीतून झिरपतात.

"मार्गिट, मला रविवारी गोंधळ नकोय," डीन म्हणाले. "त्या ऑगी डुबोवस्कीचं नाव नव्या सभासदांतून आजच काढून टाक. शिस्तभंगाचं मी बघतो."

"त्यानंच केलं कशावरून?"

"तो नाही तर मग कोण? संध्याकाळपर्यंत दुसरं नाव असेल तर सांग. नाहीतर तो गेला."

२

ऑगी डुबोवस्की भोजनगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर पॅनकेक खात बसला होता. आजूबाजूची टेबलं रिकामी होती. लोकांनी त्याला आताच वाळीत टाकलेलं दिसत होतं. शेतावर वाढलेला, रुंद खांद्यांचा मुलगा. बोलणं तिरकं. पण प्रोफेसरांच्या वर्गात त्याच्याइतके नेमके प्रश्न कोणी विचारत नसे.

"बसा, प्रोफेसर," तो म्हणाला. "बळीच्या बकऱ्याबरोबर बसायची लाज वाटत नसेल तर."

प्रोफेसर बसल्या. बसायला मिळालं याचंच त्यांना बरं वाटलं. "तू नेलास का?"

"नाही."

"पाटी घेऊन उभा होतास."

"होतो. परत उभा राहीन. पण जरा डोकं चालवा ना. त्या तळघरात डझनभर उंदीर आहेत. मला सोडायचेच असते, तर मी एक सोडून बाकीच्यांना टाटा करून आलो असतो का? आणि वर कडी लावून?"

प्रोफेसरांना हे सकाळीच वाटलं होतं. सगळ्यांना सोडणारा माणूस एकट्याला नेत नाही, आणि तोंडघशी पाडायला आलेला माणूस कडी लावत बसत नाही.

"तुला पिकल माहीत होता?"

"कोणाला नव्हता? पहिल्या सत्रात लॉटी त्याला खांद्यावर घेऊन फिरायची. मीसुद्धा हातात घेतलाय. मांजराच्या पिल्लापेक्षा गरीब." त्यानं काटा खाली ठेवला. "मला मंडळात घेऊ नका, चालेल. उंदरांना पिंजऱ्यात ठेवणाऱ्यांच्या मंडळात कशाला जातोस, असं माझी बहीणही विचारते. मी तिला म्हणतो, आतून भांडता येतं. पण शिस्तभंग लागला, तर पुढच्या विद्यापीठात मिळालेली जागा जाईल. मी काही केलेलं नाही, प्रोफेसर. हे मी आता एकदाच सांगतोय, कारण दोनदा सांगितलं की खोटं वाटतं."

त्यानं पॅनकेकवर आणखी सिरप ओतलं.

प्रोफेसर उठल्या. "मग कोणी नेला असेल असं तुला वाटतं?"

"मला काय माहीत? पण तुम्हीच शिकवलंत ना, वागण्यामागे काय मिळतं ते बघा, नाहीतर काय टळतं ते बघा. त्या एवढ्याशा उंदरामुळे कोणाला काही मिळणार नव्हतं." ऑगीनं मान वर केली. "मग त्याची भीती कोणाला वाटत होती, ते शोधा."

३

लॉटी हॅस्केल वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटली. लहान चणीची, फिकट केसांची मुलगी. रडून डोळे सुजलेले. दोन बोटांना चिकटपट्ट्या.

"कळलं मला," ती म्हणाली. "मग... रविवारचा कार्यक्रम रद्द ना?"

प्रोफेसर तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या. दगड थंड होता. पोटच्या पोरासारखा वाढवलेला उंदीर नाहीसा झालाय आणि या मुलीनं आधी विचारलं ते कार्यक्रमाचं. कुठे गेला, जिवंत आहे का, शोधलंत का, यातलं काहीच नाही.

"बोटांना काय झालं?"

"सुरी लागली. कांदा कापताना."

"उजव्या हाताला?"

लॉटीनं हात बाहीत ओढून घेतला. ती उजव्याच हातानं लिहायची. सुरीही त्याच हातात धरत असणार.

"लॉटी," प्रोफेसर दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "मी फार वर्षं मुलांची खोटी उत्तरं तपासलीत गं. आता खरंच कंटाळा आलाय. तू एकदम शेवटचं सांग, मधलं मी समजून घेते."

लॉटीनं चिकटपट्टीचं टोक खरवडलं. मग एकदम बांध फुटावा तशी बोलू लागली.

"मी नाही नेला त्याला. शपथ घेते. पण तो गेला हे ऐकून मला बरं वाटलं. मेली मी किती नीच आहे! प्रोफेसर, तो सगळं विसरलाय. वसंताच्या सुट्टीनंतर परत आले, तर त्याला दोरी माहीत नाही, दांडी माहीत नाही, दिवा लागला तर कोपऱ्यात जाऊन बसतो. हात घातला की चावतो. मी तुम्हाला दर आठवड्याला सांगत होते, दहांतले नऊ बरोबर. एकही बरोबर नव्हता. सुट्टीनंतरचे सगळे आकडे मी मनानं घातले."

"का?"

"कारण वाटलं, माझंच चुकलं. मी काहीतरी चुकीचं शिकवलं म्हणून ते टिकलं नाही. या मंडळात जाणारी माणसं हुशार असतात, आणि मी नाहीये, हे आता सगळ्यांसमोर कळणार. आज तालीम आहे म्हणालात तेव्हा वाटलं, आता सुटका नाही."

"मोजे का नाही घातलेस? चावत होता तर."

"ते राक्षसाचे मोजे? माझे हात बुडतात त्यात. एकदा घातले तर तो सुटून पळाला."

प्रोफेसरांनी मान हलवली. "सुट्टीत त्याला काय झालं असेल असं वाटलं तुला?"

"मी नव्हते म्हणून खंगला असेल. वाळला होता थोडा. नंतर खाऊन खाऊन चांगला वाढला, पण शिकायचं नाव नाही. प्रेस्टननं काळजी घेतली होती, त्याचा दोष नाही. त्यानं तर शेपटीवरची खूणसुद्धा नव्यानं काढून ठेवली होती."

प्रोफेसर उठत होत्या, त्या अर्ध्यावरच थांबल्या.

"कसली खूण?"

"आपण काढतो ती. ओळखायला. पिकलला काळ्या पेनानं दोन वळी. आठवडाभरात पुसट होतात ना. परत आले तेव्हा ताजी, ठळक होती."

प्रोफेसर स्टेनरूड गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पायऱ्यांवरून मुलं हसत उतरत होती. आता काय करावं लागणार हे त्यांना कळलं होतं, आणि ते करायची त्यांना जराही इच्छा नव्हती.

"लॉटी, एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "उंदीर असे विसरत नाहीत."

४

दुपारी प्रेस्टन वेदरबी तळघरात आला तेव्हा प्रोफेसर स्टुलावर बसल्या होत्या. समोर रिकामा पिंजरा, मांडीवर चामड्याचे मोजे.

"बोलावलंत, प्रोफेसर? ऑगीनं कबूल केलं का?"

"बस. सुट्टीत इथलं दाणापाणी तुझ्याकडे होतं ना?"

"हो. काय विशेष नाही त्यात. येऊन दाणे टाकायचे, बाटल्या भरायच्या, निघायचं. बाकी मी कशालाच हात लावला नाही."

"कशालाच?"

"उंदीर आवडत नाहीत मला. खोटं कशाला बोलू?"

"मग पिकलच्या शेपटीवर दोन वळी कोणी काढली?"

प्रेस्टनचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून विझलं. "काय?"

"एवढे उंदीर इथे आहेत. सुट्टीत सगळ्यांच्या खुणा पुसट झाल्या. ताजी खूण फक्त एकाच शेपटीवर. उंदराला हात न लावणाऱ्या माणसानं त्या एकाचेच एवढे लाड का केले?" प्रोफेसर हळूहळू बोलत होत्या, जणू वर्गातला शेवटचा तास उरकत होत्या. "सुट्टीनंतर हा उंदीर चावायला लागला. वाळका होता, तो झपाट्यानं वाढायला लागला. पुरा वाढलेला उंदीर काही कालच्या पोरासारखा वाढत नाही. आणि शिकलेलं सगळं दोन आठवड्यांत साफ विसरला. लॉटीला वाटलं, आपलं शिकवणं कच्चं. अरे, एकदा शिकलेला उंदीर महिनोन्‌महिने विसरत नाही, हे मी तुम्हाला पहिल्या वर्षी सांगते. तो काहीच विसरला नव्हता. त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. तो पिकल नव्हताच."

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. प्रेस्टन खाली बघत होता.

"हे तुम्ही... लॉटीनंच बदलला असेल. तिलाच तालमीची भीती होती."

"मलाही तासभर तसंच वाटलं. पण मग हे मोजे." प्रोफेसरांनी ते उचलले. "पिकल गरीब म्हणून अख्ख्या विभागात प्रसिद्ध. ऑगीसुद्धा त्याला उघड्या हातांनी घ्यायचा. काल इथे जो आला, त्याला ठाऊक होतं की हा चावतो. चावणं लॉटीला माहीत होतं, पण तिचे हात या मोज्यांत बुडतात. चावे खाल्ले, तरी तिनं ते पुन्हा घातले नाहीत. मग दुसरं कोणाला माहीत होतं? हा दुसरा उंदीर आहे हे ज्याला माहीत होतं, त्याला. आणि आज तालीम आहे, हे मी फक्त तुम्हा दोघांनाच सांगितलं होतं." त्यांनी पिंजऱ्यावरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बोट लावलं. "काचेची कुठे गेली, प्रेस्टन?"

प्रेस्टननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्या हातांच्या आडूनच तो बोलू लागला.

"टाकून दिली. तिची नळी तुंबली होती. मी... मित्र फ्लोरिडाला निघाले होते. म्हटलं, बाटल्या काठोकाठ भरतो, दाणे भरपूर टाकतो, काय होतंय? परत आलो तर बाकीचे ठणठणीत. आणि हा... बाटली भरलेलीच होती, प्रोफेसर. पाणी समोर होतं आणि त्याला ते मिळत नव्हतं." तो थांबला. "रोज आलो असतो तर दिसलं असतं."

"हो. दिसलं असतं."

"मग दुकानातून तसलाच एक आणला. पांढरा तो पांढरा, वाटलं. लॉटी काही म्हणेल म्हणून रोज वाट बघायचो, आणि ती काहीच म्हणेना! उलट दहांतले नऊ म्हणायची. मला वाटायला लागलं, मीच वेडा झालोय की काय."

प्रोफेसरांना हसू आलं नाही, पण यावं असं ते होतं. एकानं मेलेला उंदीर लपवला, दुसरीनं न शिकलेला. दोघंही महिनाभर एकमेकांच्या खोट्यावर टेकून उभे होते. हे या मंडळाचे मानकरी.

"आणि आता तो कुठेय? मारलास?"

"नाही!" प्रेस्टन पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "खोलीत आहे. कपाटात, पेटीत. सकाळपासून चार वेळा पाणी बदललंय त्याचं."

"आणि ऑगीचं नाव घेतलंस."

प्रोफेसरांनी उठून मोजे खुंटीला टांगले.

"उंदीर मेला, तो निष्काळजीपणा," त्या म्हणाल्या. "बदललास, ते भ्याडपण. तुझ्या वयात दोन्ही होतं. पण त्या मुलाकडे तू बोट दाखवलंस, ते पूर्ण विचार करून. डीनकडे तू स्वतः जाशील की मी फोन करू?"

प्रेस्टन उठला. दारापाशी जाऊन तो घुटमळला. "माझी पिन, प्रोफेसर?"

"तीही त्यांच्याच टेबलावर ठेव."

५

संध्याकाळी डीनचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "वेदरबी! बापरे. आता शपथ कोण वाचणार?"

"मी वाचते. ऑगीला तुम्ही स्वतः फोन करा."

"मी? अगं, त्याला अजून अधिकृत काही कळवलेलंच नव्हतं."

"अख्खं भोजनगृह त्याच्यापासून लांब बसलंय. त्याला पुरेसं कळलंय."

लॉटी त्यांच्या खोलीबाहेर जमिनीवर बसून होती. प्रोफेसरांनी तिला सगळं सांगितलं. पिकल मेला हे ऐकल्यावर मात्र ती खरी रडली, लहान मुलासारखी, नाक पुसायचं भान न राहता. प्रोफेसर थांबून राहिल्या.

"म्हणजे मी नीट शिकवलं होतं," लॉटी शेवटी म्हणाली.

"उत्तम शिकवलं होतंस. आणि तुझ्या डोळ्यांसमोर एक अशक्य गोष्ट रोज घडत होती. शिकलेला उंदीर काहीच करत नव्हता. एकाही दिवशी तू खरे आकडे घेऊन माझ्याकडे आली असतीस, तर आपण दोघींनी मिळून तासाभरात ओळखलं असतं. तू उंदरावर विश्वास ठेवला नाहीस. आपण मूर्ख आहोत यावर ठेवलास."

लॉटीनं डोळे पुसले. "मला मंडळात घेणार नाही ना?"

"आकडे खोटे घातलेस. तू माझ्या जागी असतीस तर घेतलं असतंस?"

तिनं बराच विचार केला. "नाही."

"हे महिनाभर आधी म्हणाली असतीस तर!" प्रोफेसरांनी सुस्कारा सोडला. "घरी जा, जेव काहीतरी. सोमवारी आपण विभागाला सांगू. मी बरोबर येईन."

रविवारी सभागृह अर्धं भरलं होतं. मेणबत्त्या नेहमीसारख्या वाकड्या लागल्या. प्रोफेसरांनी शपथ वाचली. आवाज मधेच बसला, तेव्हा त्यांनी पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली. ऑगी डुबोवस्की पुढे आला, तेव्हा टाळ्या आधी थोड्या आणि मग, लोकांना लाज वाटल्यावर, जास्त वाजल्या. पिन लावून घेताना तो कुजबुजला, "डीननी माफी मागितली. हवामानाबद्दल बोलावं तशी."

"घेतलीस ना?"

"घेतली. आणि तळघराबद्दल भेटायची वेळही घेतली."

समारंभ संपल्यावर प्रोफेसर केकच्या टेबलापासून दूर, शेवटच्या रांगेत येऊन बसल्या. तिथे लॉटी होती. तिच्या शेजारी एक जाडजूड बाई, बस चालवणाऱ्यांचं जाकीट घालून.

"ही माझी आई," लॉटी जमिनीकडे बघत म्हणाली आणि प्रोफेसरांसाठी कॉफी आणायला निघून गेली.

"डार्लीन हॅस्केल," बाईंनी हात पुढे केला. पकड घट्ट होती. "नेब्रास्काहून आले. पहाटे निघाले, वाटेत नुसता पाऊस."

प्रोफेसर अवघडल्या. "मिसेस हॅस्केल, तुम्हाला कोणी कळवलं नाही का? लॉटीचा आज प्रवेश..."

"कळवलं की. शुक्रवारी तिनं फोन करून सगळं सांगितलं. येऊ नकोस म्हणाली. खरं म्हणजे मी येणारच नव्हते, सुट्टी मिळत नव्हती. फोननंतर भांडून घेतली."

"फोननंतर?"

डार्लीनबाई कॉफीच्या रांगेत एकट्या उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघत राहिल्या.

"तिचा सत्कार झाला असता, तर टाळ्या वाजवायला एवढे लोक होतेच ना," त्या म्हणाल्या. "आज कोण बसलं असतं तिच्याजवळ?"